लघुयुद्धनौका ‘हिवरदरा’ : जलावतरणाचा संपूर्ण खुलासा

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत लेखात मी, वीजपंपाच्या मोटारी भरणारा एक सामान्य कारागीर, एका लघुयुद्धनौकेची निर्मिती, तिच्या परवानग्या, तिचे जलावतरण आणि त्या जलावतरणातून उघडकीस आलेला माझा स्वतःचा एक अपराध, या चार विषयांचे क्रमवार व निःपक्षपाती निवेदन करणार आहे. या प्रसंगाची गावात सध्या किमान सात वेगवेगळी कथने प्रचलित असून त्यांपैकी एकात मी पाण्यात पडलो असा उल्लेख आहे. मी पाण्यात पडलो नाही. मी गुडघ्यापर्यंत उतरलो, आणि तेही स्वेच्छेने.

आमचे हिवरदरा हे गाव यवतमाळ जिल्ह्यातील बोरी अरबपासून सात किलोमीटरवर आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या सरपंच विमलताई माझ्या दुकानात आल्या. गावतलावातील गाळ काढून बांध नव्याने घालण्यात आला होता आणि त्याचे लोकार्पण प्रजासत्ताकदिनी करण्याचे ठरले होते.

“किसनभाऊ, दरसाल तेच लेझीम अन् तेच भाषण,” ताई म्हणाल्या. “लोक कटाळले बाप्पा. पाण्यावरचं काई करता येईन का?”

त्या वेळी मी एका पाच अश्वशक्तीच्या मोटारीत तांब्याची तार भरीत होतो. मोटार भरताना वेटोळी मोजावी लागतात आणि मोजणी चुकू नये म्हणून मनुष्याने बोलू नये, असा आमच्या व्यवसायाचा नियम आहे. तो मी मोडला. “रिमोटवर चालते असं लढाईचं जहाज करून देतो,” मी म्हणालो. हे वाक्य माझ्या मुखातून कसे निसटले याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. आदल्या दिवशी वाचनालयात आरमाराविषयीचे एक सचित्र पुस्तक चाळले होते, याखेरीज मला दुसरे कारण सापडलेले नाही. ताई “झालं तं मंग” असे म्हणून उठल्या. मी वेटोळी पुन्हा पहिल्यापासून मोजू लागलो.

हे संभाषण माझ्या धर्मपत्नी लालीबाई यांनी आतल्या दारात तुरीच्या शेंगा सोलता सोलता ऐकले होते. (आमच्या घरात बंजाऱ्यांची गोरबोली बोलली जाते. तथापि सर्व वाचकांच्या सोयीसाठी तो संवाद मी वऱ्हाडीत उतरवीत आहे.)

“जहाज?” ती म्हणाली, आणि तिने वर पाहिले. वर म्हणजे आकाशाकडे नव्हे, दुकानाच्या माळ्याकडे. माळ्यावर अंडी उबविण्याची पेटी होती, जिला झाकण बसवायचे राहिले होते. कापूस वेचण्याचे यंत्र होते, जे कापसासोबत बोंडही वेचीत असे. आपोआप हलणारा पाळणा होता. ज्या बाळासाठी तो हाती घेतला, ते बाळ आता पाचवीत आहे. माझ्या मते ही सर्व कामे प्रगतिपथावर होती. लालीबाईच्या मते ती अडगळ होती.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. लालीबाईच्या महिला बचत गटाला तुरीची डाळ करण्याची छोटी गिरणी मंजूर झाली होती. गिरणीसाठी तीन फेजची वीज असलेली खोली हवी होती. तशी खोली संपूर्ण गटात एकीच्याच घरी होती, आणि तिच्यात मी बसत होतो. तीन महिन्यांपासून हा प्रश्न आमच्या घरात जेवणाच्या ताटापर्यंत येत असे व परत जात असे. त्या दिवशी तो परत गेला नाही.

“ठीक हाये,” लालीबाई म्हणाली. “जहाज झालं अन् सव्वीस जानेवारीले सगळ्याइसमोर चाललं, तं दुकान तुमचं. मी गिरणीचं नाव काढणार नाई. नाई चाललं, तं खोली गटाची.”

“मंजूर,” मी म्हणालो.

“अशानं नाई. इठ्ठलराव, तुमी साक्षीदार. या काठाहून निंगन, त्या काठाले जाईन, अन् परत येईन. ‘परत’ हा शब्द ध्यानात ठेवा. याइचं जातेच सारं. परत येत नाई.”

विठ्ठलराव हे आमचे शेजारी. एसटीत पस्तीस वर्षे कंडक्टर होते. निवृत्तीनंतर ते माझ्या दुकानातील बाकावर ठरलेल्या वेळी येऊन बसतात आणि ठरलेल्या वेळी उठतात. त्यांनी दोन बोटांनी बाकावर टकटक असे दोनदा वाजविले, ज्याचा अर्थ गाडी सोडण्यास हरकत नाही असा होतो.

अशा रीतीने निर्मितीकार्यास आरंभ झाला. नौकेचा एकही सुटा भाग तयार आणावयाचा नाही, असा मी संकल्प केला होता. कारण तयार भाग जोडणे ही जोडणी होय, निर्मिती नव्हे. तेलाचे दोन पिपे उभे कापून, ठोकून, डाग देऊन मी तळाचा सांगाडा सिद्ध केला. बॅटरी व मोटार बिघडलेल्या फवारणी पंपातून काढली. पंख्याचा दांडा सायकलच्या स्पोकचा. सुकाणू वळविण्यासाठी जुन्या सीडी प्लेयरमधील, तबकडीचा ट्रे आतबाहेर करणारी इवलीशी मोटार योजिली. तोफांसाठी ठिबक सिंचनाच्या नळ्या कापल्या. शिखरावर फिरणारे रडार आवश्यक होते. ते मला आमच्याच स्वयंपाकघरात आयते मिळाले. पुढील कित्येक आठवडे आमच्याकडील चहात पत्ती येत होती आणि चहा पिताना प्रत्येक वेळी लालीबाई माझ्याकडे पाहत होती.

पहिल्या चाचणीत, म्हणजे अंगणातील टाक्यात, नौका क्षणभर दिमाखाने उभी राहिली आणि नंतर तोफांसकट उलथली.

“मागची शीट भरली अन् पुढची खाली असली, तं गाडी अशीच नाक वर करते,” विठ्ठलराव बाकावरून म्हणाले. “बॅटरी पुढं घे.”

बॅटरी पुढे घेतली. नौका नाकावर बुडाली.

“आता लय पुढं गेली. पॅसिंजर मधात पाह्यजे.”

मी त्यांना नम्रपणे निवेदन केले की नौकानयन हे एक स्वतंत्र शास्त्र असून त्याचा यवतमाळ–दारव्हा मार्गाशी संबंध नाही. तथापि बॅटरी मध्यभागी ठेवताच नौका स्थिर झाली, हेही येथे लिहिणे प्रामाणिकपणाला धरून होईल.

विठ्ठलराव दुपारी चारला उठून गेले की सव्वाचारला पंजाबराव येत. या दोघांची शेते तलावाच्या बांधाला लागून, शेजारी शेजारी आहेत, आणि दोन वर्षांपासून त्यांच्यात बोलणे नव्हते. पंजाबरावांचे म्हणणे असे की विठ्ठलराव चोरून त्यांच्या विहिरीवरील मोटार चालू करतात. त्यामुळे नको तेव्हा पाणी सुटून त्यांचा हरभरा उबळला, म्हणजे जादा पाण्याने वाळून गेला. विठ्ठलरावांचे म्हणणे असे की पंजाबराव चोरून त्यांची मोटार बंद करतात. त्यामुळे त्यांचा गहू सुकला. हे प्रकरण तंटामुक्ती समितीसमोर गेले तेव्हा दोघांच्याही मोटारींना रिमोट मीच बसविलेले असल्यामुळे मला तज्ज्ञ म्हणून पाचारण करण्यात आले होते. मी उभा राहून सांगितले होते की एका रिमोटने दुसऱ्याची मोटार चालणे शास्त्रदृष्ट्या असंभव आहे. जमिनीत ओल असल्यास विद्युतप्रवाह भरकटतो, असेही मी त्यास जोडले होते. सभेने मान डोलावली होती आणि मला चहा देण्यात आला होता.

हे रिमोट म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. आमच्याकडे शेतीची तीन फेजची लाईन ठरावीक तासच असते. ती आली की मोटार चालू करण्यासाठी विहिरीपर्यंत पायपीट करावी लागते. माझ्या रिमोटचे हिरवे बटण घरून दाबले की मोटार चालू होते, लाल दाबले की बंद. असे एकतीस रिमोट मी गावात बसविले आहेत. युद्धनौकेसाठीही मी त्याच पद्धतीची सर्किटची एक पट्टी वापरली. हिरवे दाबले की नौका पुढे, लाल दाबले की स्तब्ध, आणि डावीउजवीकडे वळण्यासाठी आणखी दोन बटणे. आपल्याच दुकानातील सिद्ध तंत्राचा वापर केल्याबद्दल मी स्वतःवर अत्यंत प्रसन्न होतो.

आता परवानग्यांकडे वळू. मी ग्रामपंचायतीत अर्ज दिला. ग्रामसेवक साहेबांनी तो दोनदा वाचला. “तलाव आमच्या हद्दीत हाये, पण त्यातलं पाणी आमच्याकडं येत नाई,” ते म्हणाले, आणि त्यांनी मला तालुक्यातील एका कार्यालयाकडे पाठविले. तेथील लिपिकांनी होडीचा नमुना अर्ज दिला. त्यात प्रवासी क्षमता, नावाड्याचे वय व जीवरक्षक जाकिटांची संख्या विचारली होती. मी तिन्ही ठिकाणी ‘निरंक’ लिहिले. नावाड्याचे वय निरंक कसे, यावर त्यांनी आक्षेप घेतला. मी म्हणालो की नावाडी काठावर उभा असतो. ते म्हणाले की मग त्याला नावाडी म्हणता येणार नाही. हे त्यांचे बोलणे तर्कशुद्ध होते, म्हणून मी तो रकाना खोडला आणि अर्ज स्वीकारला गेला.

पोलीस ठाण्यात ‘युद्धनौका’ हा शब्द वाचून जमादार साहेबांनी टोपी घातली. “तोफा हायेत काय?” त्यांनी विचारले. मी होय म्हणालो. “काय सुटते त्याच्यातून?” मी म्हणालो, काहीच नाही, ठिबकच्या नळ्या आहेत. “मंग युद्ध कायले लेह्यता? खेळण्यातली होडी लेह्या.”

वाचकहो, महिनाभर पिपे ठोकलेल्या मनुष्याला ‘खेळण्यातली होडी’ हे शब्द ऐकावे लागले. मी क्षणभर खिडकीबाहेर पाहिले. अखेर उभयपक्षी चर्चा होऊन ‘प्रजासत्ताकदिन विशेष जलवाहन (लहान)’ या नावावर तडजोड झाली.

शेवटी मच्छीमार संस्थेची नाहरकत. तलावाचा ठेका संस्थेकडे असून तिचे अध्यक्ष श्रावणभाऊ ट्रकच्या ट्यूबवर बसून तलावभर फिरतात. त्यांनी एकच शंका घेतली. “आवाजानं मासोळी बुडाशी गेली, तं वर कोन आनून देईन?” मी त्यांना आश्वासन दिले की आवाज येणार नाही. ते म्हणाले, “मंग ते युद्ध कशाचं?” असे म्हणून त्यांनी अंगठा उमटविला. मधल्या भागात त्यांचे जाळे लावलेले असते, तिकडे जहाज नेऊ नये, एवढीच अट त्यांनी घातली.

नौकेच्या नावावरही खल झाला. प्रत्येक आळीने आपापले एक थोर नाव सुचविले आणि प्रत्येक नाव खरोखर इतके थोर होते की कोणते गाळावे हे कळेना. विमलताईंनी गावाचेच नाव देऊन तो प्रश्न मिटविला.

वीस जानेवारीस भर दुपारी मी तलावावर गुप्त चाचणी घेतली. नौका पलीकडच्या काठाला गेली, वळली आणि परत आली. मी लाल बटण दाबताच माझ्या पायाशी थांबली. काठावर त्या वेळी केवळ दोन बगळे होते. मी घरी आलो तो निराळाच मनुष्य होऊन. दुकानाच्या भिंतींकडे पाहिले, आणि या भिंती आता आपल्या झाल्या, असे मला वाटले. त्या दुपारी शेतीची लाईन नव्हती, या गोष्टीला मी यत्किंचितही महत्त्व दिले नाही.

प्रजासत्ताकदिनी शाळेतील ध्वजवंदन आटोपून सारे गाव तलावावर आले. भाषणे झाली. साडेनऊला दोन-तीन मिनिटे असताना मी नौका पाण्यात सोडली. करड्या रंगाची, गाळणीचे रडार गरगर फिरवणारी ‘हिवरदरा’ पाणी कापीत निघाली तेव्हा मंडळींनी टाळ्या वाजविल्या. विठ्ठलराव बांधाच्या या टोकाला होते, पंजाबराव त्या टोकाला. बचत गटाच्या महिला एका रांगेत बसल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध लालीबाई. नौका तलावाच्या मध्याजवळ, जाळ्याच्या अलीकडे आली. कार्यक्रमानुसार तेथे ती सरपंचांसमोर अर्धा मिनिट सावधान उभी राहावयाची होती. मी लाल बटण दाबले. ती थांबली.

त्याच वेळी, म्हणजे बरोबर साडेनऊला, लाईन आली.

आमच्या गावचा शेतकरी कोठेही असो, लग्नात असो की अंत्यविधीत, त्याचा रिमोट त्याच्या खिशात असतो. तलावाकाठच्या शेतांचे नऊ मालक त्या गर्दीत उभे होते. लाईन आल्याचे कोणीतरी ओरडताच नऊ हात खिशात गेले.

सावधान उभी असलेली नौका एकाएकी सुसाट निघाली.

मी लाल बटण दाबले. ती थांबली. बांधाखालच्या शेतांतील पाण्याचे पाईपही, जे आत्ताच उसळू लागले होते, ते थांबले.

“लाईन गेली का बे?” कोणीतरी म्हणाले, आणि पुन्हा हात खिशात गेले. नौका निघाली, पाईप उसळले. मी लाल दाबले. नौका थांबली, पाईप बसले. हिरवे. लाल. हिरवे. लाल. मी एकटा होतो आणि ते नऊ जण होते. प्रत्येक वेळी नौका दहा हात पुढे जात होती आणि वळविण्यास मला उसंत मिळत नव्हती. आठव्या की नवव्या खेपेस ती श्रावणभाऊंच्या जाळ्यात शिरली, पंख्यात जाळे गुंतले, आणि तोफा आकाशाकडे करून ती तेथे थरथरत राहिली.

“तं हे होतं युद्ध,” श्रावणभाऊ म्हणाले, आणि ट्यूब घेऊन पाण्यात उतरले.

एव्हाना काठावर निराळीच हकीकत चालू होती. “पाह्यलं?” पंजाबराव बांधावरून चालत येत म्हणाले. “म्या खिशात हात घातला, पन बटन नाई दाबलं. यानं खिशातल्या खिशात दाबलं, अन् माह्या पाईपातून पानी आलं. आज साऱ्या गावानं पाह्यलं.”

“म्या माही दाबली बे,” विठ्ठलराव म्हणाले. “तुही तू पाह्य. अन् आता माही बंद कोनं केली?”

“मी कायले करू?”

“दोन साल तूच करून राह्यला.”

दोघे एकमेकांच्या अगदी जवळ आले. विठ्ठलराव सत्तरीचे, पंजाबराव अडुसष्टचे. मध्ये पडणारी मंडळी मध्ये पडली. काहींनी लाईनमनला दोष दिला, काहींनी रोहित्राला. कोणीतरी म्हणाले, “किसनभाऊनं सांगतलंच होतं, ओलीत करंट भरकटते.” सर्वांनी माझ्याकडे पाहिले.

वाचकहो, मला केवळ मान डोलवावयाची होती. परंतु माझा अंगठा अजून लाल बटणावर होता आणि ते दोन पाईप माझ्या अंगठ्याने चालू-बंद होताना मी आत्ताच पाहिले होते. रिमोटच्या प्रत्येक पट्टीवर बोटाच्या पेराएवढ्या जागेत आठ बारीक खटके असतात. ते वर-खाली करून प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याचा स्वतंत्र कोड द्यावयाचा असतो. त्यासाठी एक टाचणी आणि पाच मिनिटांची सबुरी लागते. कारखान्यातून येताना आठही खटके खाली असतात. मी ते खालीच ठेवले होते. पहिल्या गिऱ्हाइकाच्या वेळी घाई होती. दुसऱ्याच्या वेळी वाटले, पुढे करू. नंतर असे ध्यानात आले की कोणाचा रिमोट हरवला तर दुकानातील कोणताही उचलून देता येतो, आणि मग तीच माझी पद्धत झाली.

मी बोलण्यासाठी एक वाक्य जुळविले होते. त्याचा आरंभ ‘ग्रामस्थहो’ असा होता. पण तोंडातून निराळेच निघाले.

“लाईनचं काई नाई,” मी म्हणालो. “साऱ्याइचे कोड एकच हायेत. म्या ते बदललेच नाई. जहाजाचाही तोच हाये. इठ्ठलरावनं दाबलं की पंजाबरावची चालू होते, अन् यानं बंद केली की त्याची बंद होते. समितीत म्या जे सांगतलं ते माह्या मनचं सांगतलं.”

खिशांत गेलेले नऊ हात बाहेर आले.

“म्हंजे,” पंजाबराव सावकाश म्हणाले, “याच्या पोरीच्या लग्नात मी जेवाले गेलो नाई, ते तुह्या खटक्यापायी?”

“बायकोनं तुह्या वाटचं ताट झाकून ठेवलं होतं,” विठ्ठलराव त्यांच्याकडे न पाहता म्हणाले. “पंगत उठेपर्यंत. मंग कुत्र्याले टाकलं.”

“काय होतं?”

“बुंदी. अन् वांग्याची भाजी.”

यावर पंजाबराव बांधावरच्या एका दगडावर बसले. थोड्या वेळाने विठ्ठलरावही बसले; फार जवळ नव्हे, पण त्याच दगडावर.

मला मात्र बसावयास कोणी सांगितले नाही. एकतीस घरांचे डोळे माझ्यावर होते, आणि त्यांतल्या प्रत्येकाला गेल्या काही वर्षांत कधी ना कधी विनाकारण बंद पडलेली आपली मोटार आठवत होती, हे मला दिसत होते. तेवढ्यात श्रावणभाऊंनी जाळ्यातून सोडविलेली नौका आणून माझ्या पायाशी ठेवली. जाळ्याला दोन भोके पडली होती. ती त्यांनी मला बोटे घालून दाखविली.

लालीबाई रांगेतून उठली. पदराची टाचणी काढून तिने माझ्यापुढे धरली.

“घ्या. बदला.”

“आता काय उपयोग,” मी म्हणालो.

“सव्वीस जानेवारी सरली नाई अजून. काम आर्धं हाये. बदला, अन् सोडा.”

वाचकांनी हे विसरू नये की नौका परत न येण्यात तिचाच लाभ होता. तरी टाचणी तिने दिली. मी झाकण उघडून, सर्वांच्या देखत, नौकेतील तीन खटके वर केले आणि रिमोटमधील तेच तीन. सारे गाव टाचणीवर वाकले होते, म्हणून पाच मिनिटांऐवजी दहा लागली. त्यानंतर हिरवे बटण दाबले. नौका निघाली. सर्वांनी नौकेकडे पाहण्याऐवजी शेतांतील पाईपांकडे पाहिले. पाईप आपल्या जागी निवांत वाहत होते. मी लाल दाबले. नौका थांबली, पाईप वाहत राहिले. तेव्हा कोठे गर्दीतून एक ‘हां’ असा आवाज आला, आणि त्या ‘हां’ची सर मला टाळ्यांना येईल असे वाटत नाही.

‘हिवरदरा’ पलीकडच्या काठाला लागली. वळली. परतीस निघाली. शंभर हातांवर आली, साठावर आली, तिसावर आली, आणि रडार फिरायचे थांबले. हिरव्या-लालच्या त्या धुमश्चक्रीत बॅटरीने आपले आयुष्य संपविले होते.

मी गुडघ्यापर्यंत पाण्यात उतरलो.

“थांबा,” लालीबाई काठावरून म्हणाली. “हातानं आनली तं आली नाई म्हनून धरीन.”

मी तसाच उभा राहिलो. सारे गाव उभे राहिले. “वारा आनून सोडते तिले,” कोणी म्हणाले. “किसनभाऊ, पान्यात लाटा पाडू नोको.” “लाटा पाड, पन मांगून.” “आरे मांगून कसा पाडन, तो पुढं उभा हाये.” विठ्ठलराव दगडावरून नौकेला दोनदा टकटक देत होते. वाऱ्याने ती खरोखर हलली. पंचवीस हात. वीस. मग श्रावणभाऊ म्हणाले, “धा वाजले की वारा फिरते,” आणि वारा फिरला. नौका हळूहळू, कोणताही गाजावाजा न करता, उलट दिशेने निघून गेली आणि पंजाबरावांच्या शेताच्या बाजूला बेशरमीच्या झुडपात जाऊन टेकली.

मी पाण्यातून बाहेर आलो. “खोली गटाची,” मी म्हणालो. हे शब्द मी स्वतः, कोणी मागण्यापूर्वी उच्चारले, याची नोंद व्हावी. कारण गावातील सातपैकी पाच कथनांत ही गोष्ट गाळलेली आहे.

गिरणी येण्यास महिना होता. लालीबाईने मला तेवढा महिना दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडले तेव्हा ओसरीवर रांग होती. मला वाटले, हे भांडावयास आले आहेत. काही जण भांडलेही. परंतु प्रत्येकाने आपापला रिमोट आणला होता. “बदलून दे,” ते म्हणत. “अन् कोनता कोड देल्ला ते वहीत लेह्य.” मी वही घातली. विहिरीविहिरीवर जाऊन खटके फिरविले. महिनाभरात एकोणतीस पूर्ण झाले. राहिलेले दोन विठ्ठलराव व पंजाबराव यांचे होते. ते एकत्र आले.

“आमचे राहू दे तसेच,” पंजाबराव म्हणाले. “एकानं दाबलं की दोघांचं ओलित होते. एक दिवस हा उठीन, एक दिवस मी.”

“हरभरा उबळला तं मंग मले सांगू नका,” मी म्हणालो.

“नाई सांगत. आता इचारून दाबतो.”

गिरणी फेब्रुवारीच्या अखेरीस आली. मी माळा रिकामा केला, खोली झाडली, माझे टेबल ओसरीवर मांडले आणि गिरणीची तीन फेजची जोडणी स्वतः केली. शेवटचा स्क्रू आवळेपर्यंत जेवावयास उठलो नाही. गटाच्या महिलांनी नारळ फोडला. लालीबाईने बटण दाबले आणि तुरीची पिवळीधमक डाळ सुपात पडू लागली. ती बराच वेळ डाळीकडे पाहत होती. मग तिने खोलीच्या दारापासून चुलीपर्यंतचे अंतर नजरेने मोजले, आणि ओसरीवर येऊन, कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने मला विचारले :

“याले रिमोट बसते का?”

“बसते,” मी म्हणालो. “पह्यले टाचनी आन.”

येथपर्यंत सबुरीने वाचल्याबद्दल वाचकांचा मी ऋणी आहे. ज्यांच्या मोटारी माझ्यामुळे अवेळी चालल्या वा थांबल्या त्यांचा अधिकच, कारण ते आजही माझ्याच ओसरीवर येतात.

आपला नम्र,
किसनसिंग राठोड
मोटार भरणार, हिवरदरा